डिस्कचे वाटणीपत्र

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला मिळणारे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे पाठबळ संपले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. शाळांच्या संगणक कक्षांतल्या अनेक यंत्रांत या दोन्ही गोष्टी नाहीत. यंत्र मात्र धडधाकट असते. ते भंगारात काढावे असे कोणाला वाटेल? म्हणून पाचोऱ्यातल्या आमच्या शाळेत एका संगणकावर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायचे ठरले. पेन ड्राइव्ह लावला, भाषा निवडली आणि पुढच्या पडद्यावर हात थबकला. डिस्क 500 जीबीची. तिच्यावर सी आणि डी असे दोन ड्राइव्ह, आणि डी वर दहा वर्षांचे निकाल व दाखल्यांच्या नोंदी. लिनक्सचा इन्स्टॉलर मात्र सांगत होता की ही डिस्क पूर्ण रिकामी आहे! खाली ठळक पर्याय होता, संपूर्ण डिस्क वापरा.

त्याच डिस्कवरून थोड्या वेळापूर्वी विंडोज सुरू झाले होते. मग खरे कोणाचे मानायचे?

याचे उत्तर मिळण्यासाठी पार्टिशन म्हणजे नेमके काय, हे आधी पाहावे लागेल. डिस्कवरची जागा सेक्टर नावाच्या लहान तुकड्यांत मोजली जाते. एका सेक्टरात साधारणपणे 512 बाइट मावतात आणि सेक्टरांना 0 पासून क्रमांक असतात. 500 जीबीच्या डिस्कवर असे सुमारे 97 कोटी 67 लाख सेक्टर असतात. डिस्कला सी माहीत नसतो आणि डी ही माहीत नसतो. शेताची वाटणी झाली तर निदान मध्ये बांध पडतो. इथे बांध नसतो, नुसता कागद असतो. तो कागद म्हणजेच पार्टिशन टेबल.

1983 साली डॉसच्या 2.0 आवृत्तीबरोबर आलेल्या पद्धतीत हा सगळा कागद पहिल्या सेक्टरात, म्हणजे 0 क्रमांकाच्या सेक्टरात मावतो. त्यातले पहिले 446 बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, पुढचे 64 बाइट वाटणीसाठी आणि शेवटचे 2 बाइट खुणेसाठी. या सेक्टराला मास्टर बूट रेकॉर्ड, थोडक्यात एमबीआर म्हणतात. एका हिश्श्याची नोंद 16 बाइटांची: हिस्सा कोणत्या प्रकारचा, कोणत्या सेक्टरापासून सुरू आणि किती सेक्टर लांब. 64 ला 16 ने भागा, उत्तर 4. म्हणून या पद्धतीत चारच मुख्य हिस्से पडतात. पाचवा हवा असेल तर एका मुख्य हिश्श्यात पोटहिस्से पाडावे लागतात. (पहिला हिस्सा सी का, असे मुले हमखास विचारतात. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेली, अक्षरे रिकामीच राहिली.)

सातबाऱ्याशी तुलना केली तर वर्गात हे चटकन समजते. गाव नमुना सात जमीन कोणाची आणि किती ते सांगतो, बारा त्यात कोणते पीक आहे ते सांगतो. पार्टिशन टेबल हा आपला सात. प्रत्येक हिश्श्याच्या आत कोणती फाइल कुठे आहे याची वेगळी वही असते, तिला फाइल सिस्टिम म्हणतात, तो बारा. हद्दी सातबाऱ्यावर नसतात, मोजणीच्या नकाशात असतात, तेव्हा ही उपमा फार ताणू नये. पण मुख्य मुद्दा तिच्यात आहे. सातावरची नोंद चुकली म्हणून शेतातली कपाशी नाहीशी होत नाही.

एमबीआरमध्ये सेक्टरचा क्रमांक लिहायला 32 बिट दिलेले आहेत. 2 चा 32 वा घात गुणिले 512 हा गुणाकार विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. उत्तर सुमारे 2.2 लाख कोटी बाइट येते, आणि त्यापलीकडची जागा या कागदावर नोंदवताच येत नाही. मोठ्या डिस्क आल्यावर ही अडचण उभी राहिली. नव्या जीपीटी पद्धतीत 64 बिटांचे क्रमांक आहेत, साधारणपणे 128 हिश्श्यांना जागा आहे आणि वाटणीपत्राची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. शिवाय 0 क्रमांकाच्या सेक्टरात एक रक्षक नोंद असते. ती जुन्या प्रोग्रामना सांगते की इथली जागा भरलेली आहे, हात लावू नका.

बसवतानाचे बरेचसे तंटे या दोन पद्धतींच्या सरमिसळीतून होतात. युईएफआय पद्धतीने सुरू झालेला विंडोजचा इन्स्टॉलर एमबीआर डिस्कवर बसायला नकार देतो. त्याला जीपीटी लागते. डिस्क त्यात बिघडलेली नसते, कागदाचा नमुना तेवढा वेगळा असतो.

आमच्या डिस्कचे दुखणे याहून मजेदार निघाले. ती कधीकाळी जीपीटी होती. पुढे कोणीतरी विंडोज नव्याने बसवताना एमबीआर लिहिला, पण जीपीटीच्या खुणा पुसल्या नाहीत. काही साधने त्या पुसत नाहीत. म्हणजे एकाच जमिनीची दोन वाटणीपत्रे झाली! विंडोज नवे पत्र पाहून कामाला लागत होते. लिनक्सच्या इन्स्टॉलरला जीपीटीच्या खुणा दिसत होत्या, पण रक्षक नोंद नव्हती. त्याचा गोंधळ झाला आणि त्याने डिस्क रिकामी दाखवली.

कोणते पत्र खरे, ते विंडोजनेच सांगितले. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या नावावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग व्हॉल्यूम्स उघडले की पार्टिशनचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे मास्टर बूट रेकॉर्ड होते. मग डी वरचे सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवले आणि निवडक फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्या. नक्कल झाली एवढ्यावर समाधान मानू नये, ती उघडते का ते बघावे. त्यानंतर फिक्सपार्ट्स या मोफत प्रोग्रामने जुन्या जीपीटीच्या खुणा पुसल्या. इन्स्टॉलर पुन्हा सुरू केला, तर सी आणि डी दोन्ही जागेवर.

पुढे लिनक्ससाठी जागा काढायची होती. सी आकसून लहान करण्याचे काम विंडोजमधूनच करावे. डिस्कवर 200 जीबी मोकळे असूनही ते 90 च देऊ करते, असा अनुभव येतो. कारण काही फाइली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात आणि विंडोज त्या चालू असताना हलवत नाही. विंडोज 8 पासून आलेले फास्ट स्टार्टअपही आधी बंद करावे. ते चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेले असते, आणि अशा हिश्श्यावर लिनक्सने लिहिणे धोक्याचे. बिटलॉकर चालू असल्यास त्याची किल्ली कागदावर लिहून ठेवावी. आणि यूपीएस हवाच. हिस्सा सरकवताना मध्येच वीज गेली, तर कागद एक सांगतो आणि शेतात भलतेच असते.

चुकून टेबल पुसले गेलेच तर सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे काहीही न करणे. नवा हिस्सा पाडू नये, फॉरमॅट करू नये. टेस्टडिस्क हा मोफत प्रोग्राम डिस्क वाचत जातो, हिश्श्यांच्या सुरुवातीच्या खुणा शोधतो आणि त्यांवरून हरवलेले टेबल पुन्हा मांडतो. मात्र एसएसडीवर फॉरमॅट झाले असेल तर आशा फार थोडी. तिथे रिकाम्या झालेल्या जागेची खबर ट्रिम नावाच्या आज्ञेने डिस्कला दिली जाते आणि डिस्क ती जागा साफ करून टाकते. म्हणजे नोंदीबरोबर पीकही जाते.

विद्यार्थ्यांना हा कागद प्रत्यक्ष दाखवता येतो. महत्त्वाचे काही नसलेला एखादा पेन ड्राइव्ह घ्यावा आणि डिस्क उघडू शकणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये, 'फक्त वाचन' हा पर्याय ठेवून, त्याचा 0 क्रमांकाचा सेक्टर उघडावा. शेवटच्या दोन घरांत 55 आणि एए दिसतील. त्यांच्या आधीची 64 घरे सोळा-सोळाच्या चार ओळींत वहीवर उतरवायला सांगावे. ओळीतल्या पाचव्या घरात 07 असेल तर तो बहुधा विंडोजचा हिस्सा, 83 असेल तर लिनक्सचा. चारही ओळींत नुसती शून्ये असतील तर तिथे हिस्सा नोंदलेलाच नाही. आमच्या नववीच्या मुलांना पहिल्या ओळीत 0सी सापडले, आणि तो फॅट 32 या प्रकाराचा आकडा आहे हे त्यांनी स्वतःच शोधून काढले.