सौर पंप : खर्चाचा व पाण्याचा हिशेब

सौर पंप बसविण्यापूर्वी त्याचा पूर्ण हिशेब मांडावा. एक लिटर डिझेल जाळल्यास सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. सौर पंपास धूर नाही व इंधनाचा खर्चही नाही. पॅनेल साधारणतः २५ वर्षे टिकते. मोटर व कंट्रोलर मात्र त्याआधी दुरुस्तीस येतात. त्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. निकामी पॅनेल शेतात फोडू किंवा पुरू नये, कारण त्याच्या जोडणीत शिसे असू शकते.

खरा धोका विहिरीत आहे. डिझेल महाग, म्हणून पंप वेळेवर बंद होतो. ऊन फुकट, म्हणून तो दिवसभर चालू राहतो व पाण्याची पातळी खाली जाते. विहीर आटली, तर दारी पंप असूनही बाग वाळते. म्हणून पंपाची अश्वशक्ती विहिरीच्या झऱ्यांनुसार निवडावी. ठिबक संच जोडून पिकाच्या गरजेएवढेच पाणी द्यावे. दर पंधरवड्यास दोरीने पातळी मोजून वहीत नोंदवावी. मागील वर्षी याच महिन्यात होती त्यापेक्षा पातळी खाली आढळल्यास उन्हाळी पिकाचे क्षेत्र वेळीच कमी करावे.