सुकाणू घट्ट, व्यवसाय निर्धोक

सरोजिनी नगर म्हटले की दिल्लीकरांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो तेथील कपड्यांचा बाजार. पूर्वी विनय नगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या या वसाहतीला पुढे सरोजिनी नायडू यांचे नाव देण्यात आले. नोकरीतील बदलीच्या निमित्ताने राजधानीत आलेल्या मराठी कुटुंबांनाही हा बाजार चांगलाच परिचयाचा आहे. मात्र दुकानांत टांगलेले कपडे तेथवर पोहोचतात कसे, याचा विचार ग्राहक सहसा करीत नाही. निर्यातीतून शिल्लक राहिलेल्या मालाचे गठ्ठे घेऊन येणारी छोटी डिझेल पिकअप हा या व्यापाराचा खरा कणा होय. तिचा मालक बहुधा स्वतःच चालक असतो, आणि गाडी बँकेकडे तारण असते.

अशी गाडी सात-आठ वर्षांची झाली की इंजिनाची काळजी घेतली जाते, कारण इंजिन बंद पडले तर धंदा बंद पडतो. स्टिअरिंग आणि पुढचे सस्पेन्शन यांची गोष्ट वेगळी आहे. ते झिजले तरी गाडी चालतच राहते. झीज हळूहळू होत असल्याने चालकाच्या हातांना तिची सवय होते, आणि हाच खरा धोका आहे. माणसांनी फुललेल्या बाजाराच्या रस्त्यावर गाडी हातभर इकडची तिकडे झाली, तरी त्याची भरपाई कोणत्याही हिशेबात बसणारी नसते.

झीज होते कोठे?

१९८८ साली टेल्कोच्या पुण्यातील कारखान्यातून टाटामोबाइल ही पिकअप बाहेर पडली, तेव्हापासून या वर्गातील अनेक गाड्या देशाच्या रस्त्यांवर आल्या. त्यांच्या पुढच्या भागाची रचना ढोबळमानाने दोन प्रकारची असते. काही गाड्यांत अखंड अ‍ॅक्सल, पाटे आणि किंगपिन असतात. इतरांत प्रत्येक चाक वरच्या व खालच्या आर्मवर स्वतंत्रपणे तोललेले असते आणि ते बॉल जॉइंटवर वळते. दोन्ही प्रकारांत स्टिअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंतची हालचाल दांड्या आणि टाय रॉड एंड यांच्यामार्फत पोहोचते.

या साखळीतील प्रत्येक सांध्यावर थोडी थोडी झीज होते. रबरी टोपण फाटले की आत धूळ व पाणी शिरते, ग्रीस निघून जाते आणि धातूवर धातू घासू लागतो. आर्मचे रबरी बुश चिरतात, पाट्यांच्या पिना झिजतात, शॉकअपमधील तेल गळते. त्यात खड्डे, गतिरोधक आणि क्षमतेपेक्षा अधिक भरलेला माल यांची भर पडते. विशेषतः भार मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लादला, तर पुढची चाके हलकी होतात आणि चांगल्या स्थितीतील स्टिअरिंगही नीट पकड घेत नाही.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंगच्या चाकावरील ढिलाई ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये, आणि सांध्यांच्या बॉल जॉइंटवर रबरी टोपणे असली पाहिजेत. घड्याळाच्या तबकडीवर बारा ते एक एवढे अंतर म्हणजे ३० अंश. ही शेवटची मर्यादा आहे. शहाण्या मालकाने त्याच्या कितीतरी आधी गाडी तपासावी.

आधी निदान, मग खर्च

स्टिअरिंग ढिले लागताच बॉक्सवरील अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून देणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा उपाय होय. दोष टाय रॉड एंडमध्ये असेल तर तो तसाच राहतो. शिवाय स्क्रू प्रमाणाबाहेर आवळला गेल्यास स्टिअरिंग जड होते, वळणानंतर आपोआप सरळ होत नाही, आणि बॉक्सही लवकर खराब होतो.

योग्य तपासणीस अर्धा तास पुरतो. गाडी जमिनीवर उभी असताना एकाने स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे फिरवावे आणि दुसऱ्याने खालून एकेका सांध्याकडे पाहावे. एक दांडी हलते पण तिला जोडलेली दुसरी हलत नाही, असे जेथे दिसेल तेथे झीज आहे. त्यानंतर पुढचे चाक जॅकवर उचलून, खाली भक्कम स्टँड लावून, चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवल्यास सहकाऱ्यास ब्रेक दाबण्यास सांगावे. ब्रेक दाबताच खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा असतो. तो तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट झिजला आहे. चाक डावी-उजवीकडे धरून हलवताना खेळ आढळला, तर टाय रॉड एंडकडे पाहावे. टायरची एकच कड झिजणे आणि गाडी एका बाजूला ओढणे या खुणाही बोलक्या असतात.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम बेअरिंग, बुश, बॉल जॉइंट किंवा किंगपिन, नंतर टाय रॉड एंड, त्यानंतर गरज असल्यास स्टिअरिंग बॉक्स, आणि सर्वांत शेवटी व्हील अलाइनमेंट, हा क्रम पाळावा. झिजलेल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट फार काळ टिकत नाही आणि ते पैसे वाया जातात. एका बाजूचा सांधा झिजला असेल तर दुसऱ्या बाजूचेही वय तेवढेच आहे, हे ध्यानी घेऊन शक्यतो जोडीने सुटे भाग बदलावेत. किंगपिनचे नवे बुश बसवल्यावर रिमरने मापात आणावे लागतात. हे काम हातोडीच्या ठोक्यावर उरकणाऱ्याकडे देऊ नये. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळावेत, अन्यथा रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये. तिची किंमत नगण्य असते, पण नट जागेवर राहतो तो तिच्यामुळे.

सुट्या भागांसाठी दिल्लीत काश्मिरी गेटची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. मायापुरीत जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. काच किंवा दरवाजा जुना घेतला तरी चालेल, परंतु स्टिअरिंगचा सांधा जुना घेणे म्हणजे दुसऱ्याची झीज विकत घेणे होय.

वयोमर्यादा आणि ताळेबंद

दिल्लीतील मालकापुढे आणखी एक प्रश्न असतो. राष्ट्रीय हरित अधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये राजधानी क्षेत्रात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल वाहनांना मनाई केली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा वाहनमालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचा अंतरिम आदेश दिला. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण भारत स्टेज ४ व त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित करण्यात आले. त्यामुळे मोठा खर्च करण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्रावरील तारीख आणि उत्सर्जन मानक पाहून, लागू असलेल्या नियमाची परिवहन कार्यालयात खात्री करून घ्यावी.

मग ‘दोनच वर्षे उरली, कशाला खर्च?’ असे म्हणावे काय? समजा, संपूर्ण पुढच्या भागाच्या दुरुस्तीस १८,००० रुपये लागले आणि गाडी आणखी १८ महिने चालणार आहे. हा खर्च दरमहा १,००० रुपये पडतो. वाकड्या चालीमुळे वेळेआधी बाद होणारे टायर, फिटनेस तपासणीत नापास झाल्याने बुडणारे दिवस, आणि हप्ता चुकल्यास वाढणारे व्याज यांच्याशी त्याची तुलना करावी. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, हेही विसरू नये. वाहन विम्यात सर्वसाधारण झीज समाविष्ट नसते, त्यामुळे हा खर्च मालकाच्याच खिशातून होणार. दरमहा उत्पन्नातून थोडी रक्कम आवर्ती ठेवीत बाजूला टाकली तर तो एकदम अंगावर येत नाही. इंजिन, चेसी व गिअरबॉक्स थकले असतील तर मात्र मोठी दुरुस्ती टाळून नव्या वाहनाचा विचार करणेच शहाणपणाचे ठरते. तोवर गाडी रस्त्यावर असेल, तर तिचे स्टिअरिंग निर्दोष असलेच पाहिजे. आयुष्य थोडे उरले म्हणून रंग पुढे ढकलता येतो, सुकाणू नाही.

व्यवसायात आणि गाडीत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी दिशा एकदम चुकत नाही, ती थोडी थोडी सुटत जाते. वेळीच लक्ष देणाऱ्याला ती थोड्या खर्चात सावरता येते.