ऐकता ऐकता : धबधबा आणि मोकळी जागा

पोलादपूरच्या एका शिक्षिकांचं पत्र आलंय, सोबत ध्वनिफीतही. शिवथरघळीत बसून त्यांनी दासबोधातला एक समास फोनवर म्हटला, वर्गातल्या मुलांसाठी. ऐन पावसाळ्यात! वर्गात लावला तर घळीतला धबधबा खणखणीत आणि शब्द निम्मेच. 'आवाज साफ करता येईल का?'

थोडाफार येईल, पण स, श, च, छ गमावून. कोसळत्या पाण्याचा आवाज खालपासून वरपर्यंत सगळ्या कंप्रतांवर पसरलेला असतो. स-श म्हणजेही एक खरखरच, बरीचशी वरच्या कंप्रतांची. सॉफ्टवेअर पाण्याबरोबर त्यांनाही खरवडून काढतं. त्यापेक्षा पुन्हा म्हणा, फोन जवळ धरून. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण 6 डेसिबल चढतो. 60 सेंटिमीटरवरचा फोन 15 वर आणलात तर 12. धबधबा आहे तेवढाच राहतो. फोन गालाच्या बाजूला धरा, म्हणजे प-फचे फुत्कार त्यात शिरणार नाहीत.

मला खटकलं ते मात्र वेगळंच. सगळ्या ओव्या एका दमात! मुलांनी म्हणायचं कधी?

याच घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असं परंपरा मानते. बोरूने लिहिणारा समोर असला की सांगणाऱ्याला थांबावंच लागतं. वेदपाठशाळेतल्या संथेतही गुरुजी एकदा म्हणतात, विद्यार्थी दोनदा. फितीतही तेच करा. ओवीला आठ सेकंद लागत असतील तर पुढे सोळा सेकंद कोरी सोडा. चाळीस ओव्यांचा समास सुमारे सव्वापाच मिनिटांऐवजी सोळा मिनिटांचा होईल. होऊ द्या! ऑडॅसिटीत 'जनरेट'खाली 'सायलेन्स' आहे, सेकंद टाकले की काम झालं.

नुसतं ऐकवून भागत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी दिसलंय. 1956 साली पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत श्रोत्या शेतकऱ्यांची मंडळं बसवली. कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर आपसांत बोलायचं. पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला. युनेस्कोने तो छापला. रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, अशा गावांपेक्षा मंडळाच्या गावांत माहिती कितीतरी जास्त मुरली होती. माझ्या मते तिथे शिकवलं ते कार्यक्रमानंतरच्या बोलण्याने. शैक्षणिक ध्वनिफिती करणारे आजही पार्श्वसंगीतावर खर्च करतात आणि पाच सेकंद गप्प बसायला घाबरतात.

एक धोका सांगून ठेवतो. काही पॉडकास्ट ॲपमध्ये शांतता आपोआप गाळण्याची सोय असते. ती चालू राहिली तर तुमच्या सोळा सेकंदांचा फडशा पडेल. धबधब्याच्या आवाजाने भरलेली जागा बहुधा वाचेल, कारण ॲपला ती शांतता वाटणारच नाही. म्हणजे घळीतली फीत अगदीच वाया गेलेली नाही, बाई. ओव्या घरी म्हणा, आणि मधल्या जागांत तिथलं पाणी हलक्या आवाजात भरा.