सुट्या पानांची जुळणी

शंभर वर्षांपूर्वीची मराठी पुस्तके आज घरबसल्या मोबाइलवर उघडतात, याचे बरेचसे श्रेय बेंगळुरूला जाते. तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ची धुरा उचलली. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी यांच्या ‘मिलियन बुक’ प्रकल्पाचा हा भारतीय भाग. इथली सूत्रे प्रा. एन. बालकृष्णन यांच्याकडे होती. देशभरातल्या ग्रंथालयांत स्कॅनर बसले आणि कपाटांत पिवळी पडलेली मराठी, कन्नड, संस्कृत, उर्दू पुस्तके संगणकावर येऊ लागली.

आली, पण सुटी पाने होऊन.

प्रत्येक पुस्तकाला एक लांबलचक बारकोड क्रमांक होता. त्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक पानाच्या चित्राची वेगळी ‘टिफ’ फाइल असे. तीनशे पानांचे पुस्तक म्हणजे तीनशे फाइली. वाचकाने एक पान उघडायचे, ते उतरायची वाट पाहायची, मग पुढचे. बऱ्याच ब्राउझरांना टिफ दाखवताच येत नसे, त्यासाठी वेगळे प्लग-इन टाकावे लागे. छापखान्यातून फर्मे बाहेर पडावेत आणि बाइंडरकडे पोहोचूच नयेत, तशी ही गत होती.

स्कॅनिंगच्या बाजूने पाहिले तर ही रचना चुकीची नव्हती. पाने ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या मापाने, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात टिपली जात. साडेपाच बाय साडेआठ इंचांचे पान या मापाने सुमारे १ कोटी ६८ लाख ठिपक्यांचे होते, म्हणजे न दाबता साधारण २ एमबी. तीनशे पानांना ६०० एमबींहून जास्त जागा लागली असती. म्हणून ‘ग्रुप फोर’ ही फाइल दाबण्याची पद्धत वापरात आली. ती १९८४ साली फॅक्स यंत्रांसाठी प्रमाणित झाली होती. एकही ठिपका न गमावता ती छापील पान पार आटवून टाकते. शिवाय एखादे पान खराब निघाले, तर तेवढेच पुन्हा स्कॅन करून बदलता येते.

वाचकांनी मग बाइंडरचे काम स्वतःच अंगावर घेतले. बारकोड दिला की सगळी पाने ओळीने उतरवून त्यांची एकच पीडीएफ बांधणारे छोटे प्रोग्राम हौशी मंडळींनी लिहिले. हत्यारे मोफत मिळत होतीच. लिबटिफ संचातला ‘टिफसीपी’ सुटी पाने एका टिफमध्ये ओवतो आणि ‘टिफ-टू-पीडीएफ’ त्याची पीडीएफ करतो. ग्रुप फोरने दाबलेले चित्र पीडीएफलाही थेट समजते. त्यामुळे चित्र पुन्हा दाबण्याची गरज सहसा पडत नाही आणि अक्षर जसेच्या तसे राहते.

तयार पीडीएफ एकमेकींना जोडणे मात्र जास्त किचकट आहे. अडोबी कंपनीचे जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये कल्पना मांडलेले, १९९३ मध्ये बाजारात आलेले आणि २००८ मध्ये आयएसओ मानक झालेले हे स्वरूप शेवटाकडून वाचले जाते. फाइलच्या शेपटाशी एक तक्ता असतो आणि कोणता घटक कितव्या बाइटवर आहे हे तो सांगतो. दोन फाइली नुसत्या एकापुढे एक चिकटवल्या, तर दोन्हींत ‘घटक क्रमांक १’ असतो आणि दोन्हींचे तक्ते वेगळे. म्हणून जोडणारा प्रोग्राम सगळ्या घटकांना नवे क्रमांक देतो, आपसांतले संदर्भ बदलतो, पानांची एक सामाईक यादी करतो आणि शेवटी नवा तक्ता लिहितो. ‘पीडीएफटीके’ किंवा ‘क्यूपीडीएफ’सारखे प्रोग्राम हे काम क्षणात उरकतात.

पुढे स्वामित्वहक्काच्या प्रश्नावरून ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे मूळ संकेतस्थळ बंद पडले. तोवर माहिती सर्वांना खुली व्हावी म्हणून झटणारे कार्ल मालामूद यांनी इंटरनेट अर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयात चार लाखांहून अधिक पुस्तकांच्या प्रती नेऊन ठेवल्या होत्या. तिथे पुस्तक सलग मिळते. पण जुने दोषही सोबत आले आहेत: गळालेली पाने, उलटी पाने, पानावर उमटलेला अंगठा आणि रोमन लिपीत मोडतोड झालेली मराठी नावे. नाव ओळखू येत नसेल, तर बांधलेले पुस्तकही सापडत नाही.

मालामूद यांच्याच पुढाकाराने बेंगळुरूत ‘सर्व्हंट्स ऑफ नॉलेज’ हे पुस्तके स्कॅन करणारे काम उभे राहिले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाची, म्हणजे ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’ची, आठवण हे नाव करून देते. इथे पुस्तक इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या पाळण्यात अर्धवट उघडे ठेवतात, त्यामुळे शिवण उसवत नाही. पाने टिपली जातात, जुळतात आणि एकसंध पुस्तक म्हणूनच वाचकासमोर येतात. २०२० च्या अखेरीस अर्काइव्हने टेसेरॅक्ट हा अक्षरओळख प्रोग्राम स्वीकारला आणि देवनागरी मजकुरातही शब्द शोधता येऊ लागला.

घरातले जुने दिवाळी अंक किंवा आजोबांची हस्तलिखिते कोणी स्कॅन करणार असेल, तर या अनुभवातून काही गोष्टी जरूर घ्याव्यात. फाइलींना ००१, ००२ असे क्रमांक द्या, नाहीतर पुष्कळ प्रोग्राम १० ला २ च्या आधी बसवतील. जोडण्यापूर्वी मूळ पाने मोजून फाइलींशी ताडून पाहा. एक पीडीएफ झाली तरी मूळ प्रतिमा पुसू नका. आणि पुस्तकाचे, लेखकाचे नाव देवनागरीतच लिहा.