खोटी कुस्ती, खरी आपटाआपटी

दुपारी आतल्या खोलीतून 'धप्प' असा आवाज आला, की समजावं, पलंगावरून कुणीतरी उडी घेतली आणि धाकटा खाली चीत झाला! पनवेल असो नाहीतर पंढरपूर, मुलांच्या घरात हे 'डब्ल्यूडब्ल्यूई'चं वेड कधी ना कधी शिरतंच. आपण ओरडतो, "अरे, ते सगळं खोटं असतं!" पण भगिनींनो, मुलांना ते पटत नाही. पडणारा माणूस त्यांना डोळ्यांदेखत पडताना दिसतो ना! तेव्हा त्यात खरं किती नि खोटं किती, हे आधी आपण समजून घेऊ या.

यातला गाजलेला साप्ताहिक कार्यक्रम म्हणजे 'रॉ'. तो ११ जानेवारी १९९३ रोजी अमेरिकेत सुरू झाला. तिकडे सोमवारची रात्र असते, तेव्हा आपल्याकडे मंगळवारी सकाळी डब्यांची घाई! खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझपदक मिळवलं, ती खरी झुंज. 'रॉ'मध्ये मात्र निकाल आधीच ठरलेला. ही स्पर्धा नसून करमणूक आहे, असं १९८९ साली खुद्द कंपनीनंच न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगितलं. खेळांवरच्या सरकारी नियमांतून तिला सूट हवी होती.

मग लोक बघतात कशाला? आपण रात्री मालिका बघतो, अगदी त्याचसाठी! सज्जन, खलनायक, मित्राचा दगा, सूड, सगळं तेच. बराच वेळ तर हातात माईक घेऊन नुसती भांडणं चालतात. आजचं भांडण पुढच्या आठवड्यावर जातं आणि मोठ्या लढती खास कार्यक्रमांसाठी राखून ठेवतात. शिवाय प्रेक्षक समोरच बसलेले. त्यांच्या आरोळ्या ऐकून कधी खलनायकाचा नायकही करतात.

बायकांनाही इथं मान मिळायला वेळच लागला. ६ डिसेंबर २००४ रोजी लीटा आणि ट्रिश स्ट्रॅटस यांची लढत 'रॉ'ची शेवटची, म्हणजे मानाची ठरली. 'रेसलमेनिया' या वर्षाच्या मोठ्या सोहळ्यात तो मान मिळायला २०१९ साल उजाडलं. हरियाणाची कविता देवी २०१७ साली चक्क सलवार-कमीज घालून तिथं लढली.

आता खरं काय? पडणं खरं. त्या चौथऱ्याला खाली लोखंडी सांगाडा, वर लाकडी फळ्या आणि त्यावर पातळशी गादी असते. हनुवटी छातीशी घेऊन पाठभर कसं पडायचं, हे मल्ल आधी शिकतात. शिवाय उचलला जाणारा स्वतःच उडी घेऊन मदत करतो. एवढं असूनही मे १९९९ मध्ये कंपनीच्या एका कार्यक्रमात ओवेन हार्ट हा मल्ल उंचावरून उतरताना पडून दगावला.

म्हणून मुलांना सांगा, "निकाल ठरलेला असतो, पण मान खरी असते. तिथला पडणारा शिकलेला आहे. तुझ्या धाकट्या भावाला पडणं शिकवलंय का कुणी?" बघायला बंदी नको. मात्र मान आवळणं, उचलून आपटणं नि पलंगावरून उड्या या तीन गोष्टींना सक्त मनाई हवी. मूल मानेवर पडलं आणि मान दुखते किंवा हातपाय बधिर झाले म्हणालं, तर ओढून उठवू नका. निजल्या जागीच स्थिर ठेवून ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा. आणि अंगात रग फारच असेल, तर जवळच्या तालमीत घाला. तिथं वस्तादांच्या नजरेखाली तरी खेळेल!