सरीसृप निवासातील तापमान व आर्द्रता संवेदक

सरीसृप निवासातील तापमान व आर्द्रता संवेदक म्हणजे बंदिवासातील साप, सरडे, कासवे इत्यादी प्राण्यांच्या काचपेटीतील तापमान आणि हवेतील बाष्पाचे प्रमाण मोजणारी उपकरणे होत. यांपैकी जी उपकरणे नोंदी साठवतात, त्या बिनतारी मार्गाने मोबाइलवर पाठवतात आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली गेल्यास इशारा देतात, त्यांना स्मार्ट संवेदक म्हणतात. त्यांची निवड करताना अचूकतेइतकेच संवेदकाचे स्थान आणि वीज किंवा इंटरनेट बंद पडल्यावरचे त्याचे कार्य विचारात घ्यावे लागते.

गरज

सरीसृप बाह्यतापी असतात; त्यांच्या शरीराचे तापमान मुख्यतः परिसरावर अवलंबून असते. निसर्गात ते ऊन आणि सावली यांत ये-जा करून ते राखतात. पेटीत त्यासाठी एक टोक उबदार व दुसरे थंड ठेवावे लागते. उष्णता कमी पडल्यास पचन मंदावते आणि रोगप्रतिकारशक्ती घटते. ती अति झाल्यास प्राणी थोड्या वेळात दगावू शकतो. कोरड्या हवेत कात तुकड्यातुकड्यांनी निघते, तर कोंदट हवेत त्वचेचे आणि श्वसनमार्गाचे विकार उद्भवतात.

गरजा जातीनुसार बदलतात. ऑस्ट्रेलियातील बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याला ऊन घेण्याच्या जागी सुमारे ४०° से. तापमान आणि साधारण ३० ते ४० टक्के आर्द्रता लागते. आफ्रिकेतील बॉल पायथन या अजगरासाठी उबदार टोकाला ३१ ते ३३° से. आणि ६० टक्के किंवा त्याहून अधिक आर्द्रता ठेवली जाते.

मापनाचे तत्त्व

तापमान मोजण्यासाठी बहुधा थर्मिस्टर वापरतात. तापमानानुसार त्याचा विद्युतरोध बदलतो. आर्द्रता संवेदकात बाष्प शोषणारा बहुवारिकाचा पातळ थर असतो. बाष्प शोषले गेले की त्याची विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते व त्यावरून आर्द्रता काढली जाते.

हे संवेदक सापेक्ष आर्द्रता दाखवतात आणि ती तापमानाशी निगडित असते. २५° से. तापमानाच्या, ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत पाणी न घालता ती ३५° से.पर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ३४ टक्के होते. त्यामुळे एकाच पेटीच्या दोन टोकांना भिन्न आकडे मिळतात आणि मध्यभागी लावलेला एकच संवेदक कोणत्याही टोकाची खरी स्थिती सांगत नाही.

अचूकता

स्वस्त डीएचटी११ संवेदकाची तापमानातील त्रुटी सुमारे ±२° से. व आर्द्रतेतील सुमारे ±५ टक्के असते. डीएचटी२२ मध्ये तापमानाची त्रुटी सुमारे ±०.५° से. असते, तर एसएचटी३१ मध्ये ती याहून कमी आणि आर्द्रतेची त्रुटी सुमारे ±२ टक्के असते. सर्वसाधारण पेटीसाठी अर्ध्या अंशाची त्रुटी चालते. अंडी उबवण्याच्या पेटीत मात्र निकष कडक असतात. मगरीच्या अंड्यांतून २८ ते ३१° से. तापमानात केवळ माद्या, तर ३२.५° से.च्या आसपास प्रामुख्याने नर निपजतात. दोन अंशांची चूक तेथे संपूर्ण वीणीचे लिंग बदलू शकते.

स्थान

* उबदार व थंड अशा दोन्ही टोकांना स्वतंत्र संवेदक, प्राणी वावरतो त्या उंचीवर बसवतात.
* दिव्याच्या थेट प्रकाशात संवेदकाचे आवरण तापून हवेपेक्षा अधिक आकडा दिसतो. म्हणून तो आडोशाला ठेवतात.
* पाण्याचे भांडे व फवाऱ्याचा मारा यांपासून आर्द्रता संवेदक दूर ठेवतात.
* ऊन घेण्याच्या दगडाचे तापमान हवेच्या संवेदकाला कळत नाही. ते अवरक्त तापमापकाने तपासतात.

दळणवळण व इशारे

ब्लूटूथ संवेदकाची बॅटरी दीर्घकाळ टिकते, परंतु जोडयंत्र नसल्यास त्याचा इशारा घरापुरताच मर्यादित राहतो. वाय-फाय संवेदकाचा इशारा दूरवर पोहोचतो. मात्र वीज गेली की राउटर बंद पडतो आणि दिवे विझून पेटी थंड होऊ लागते त्याच वेळी इशारा येत नाही. यासाठी बॅटरीवर चालणारा, स्वतःच्या स्मृतीत नोंदी साठवणारा आणि आवाजी इशारा देणारा संवेदक उपयुक्त ठरतो. राउटरला इन्व्हर्टरची जोड देणे हाही उपाय आहे. संपर्क तुटल्याची सूचना देणारी प्रणाली अधिक विश्वसनीय मानली जाते.

थर्मोस्टॅटशी संबंध

संवेदक मोजतो, तर थर्मोस्टॅट उष्णतेचा स्रोत चालू-बंद करतो. थर्मोस्टॅटची तार उबदार जागेवरून निसटली, तर त्याला परिसर थंड भासतो आणि तो उष्णता वाढवत राहतो. अति तापलेल्या पृष्ठभागावरून साप वेळीच दूर होतीलच असे नाही. त्यामुळे त्यांना गंभीर भाजते. म्हणून देखरेखीचा संवेदक थर्मोस्टॅटपासून स्वतंत्र ठेवला जातो.

पडताळणी

आर्द्रता संवेदक काळानुसार चुकीचे आकडे दाखवू लागतात. बंद डब्यात ओलसर मिठासोबत संवेदक काही तास ठेवल्यास सुमारे ७५ टक्के आर्द्रता दिसली पाहिजे. मीठ ओले असावे, परंतु पूर्ण विरघळलेले नसावे आणि संवेदकाला त्याचा स्पर्श होऊ नये. जलरोधक तापमान संवेदक वितळत्या बर्फाच्या पाण्यात ०° से.च्या जवळ आकडा दाखवतो.

भारतातील स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असलेले नाग, घोरपड, स्टार कासव असे देशी प्राणी घरी पाळता येत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखालील अनेक परदेशी जातींच्या मालकीची नोंदणीही बंधनकारक केली. त्यामुळे देशी जातींसाठी या संवेदकांचा वैध उपयोग प्रामुख्याने प्राणिसंग्रहालये, सर्पोद्याने आणि बचाव केंद्रे यांपुरता राहतो.