वैशाखाचे ऊन, वळवाचे पाणी



गाळप हंगाम आटोपला. तोडणी कामगार आपापल्या गावी गेले, बैलगाड्यांचा तळ मोकळा झाला, गव्हाणीवर शुकशुकाट आहे. या दिवसांत आम्हाला रस्त्यात भेटणारे पुष्कळजण विचारतात, "काय साहेब, आता आराम ना?" आराम कुठला! गाळप थांबले तरी ऊस शेतात उभाच आहे. पुढच्या हंगामाचा सुरू ऊस सध्या फुटव्यात आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटलेल्या प्लॉटांचा खोडवा कोंबात आहे आणि आडसाली ऊस माणसाच्या डोक्यावर गेला आहे. तिन्हींना एकच ऊन आणि एकच वारा सोसायचा आहे. मृगाला अजून अवकाश आहे. तोवर ऊन आणि वळीव या दोघांशी आपली गाठ. त्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख.

प्रथम उन्हाविषयी. रेडिओवर आणि आता मोबाइलवर 'उष्णतेची लाट' असा शब्द वारंवार कानी पडतो. हवामान खात्याचा त्यासाठी हिशेब आहे. मैदानी मुलखात पारा निदान ४० अंशांवर पाहिजे आणि त्या ठिकाणच्या नेहमीच्या तापमानापेक्षा तो साडेचार अंश किंवा त्याहून अधिक वर गेलेला पाहिजे. अथवा सरळ ४५ अंश झालेला पाहिजे. म्हणजे एखाद्या दुपारी ४१ झाले की लाट आलीच असे नव्हे. पण उसाला खात्याचा हिशेब कळत नाही. तिशी-पस्तिशीच्या घरात तो जोमाने वाढतो, चाळिशीकडे जाऊ लागला की वाढ मंदावते आणि मुळाशी ओल नसेल तर पाने आत वळून सुरळी होते.

ही सुरळी पाहून आपला शेतकरी घाबरतो आणि भर दुपारी मोटर चालू करतो. आमचे सांगणे असे की, दुपारचे पान पाहून पाणी देऊ नका. सूर्य कलल्यावर, सहाच्या सुमारास पुन्हा बघा. पान उलगडले असेल तर ऊस तहानलेला नव्हता, नुसता ऊन चुकवीत होता. नाही उलगडले तर सरीत वीतभर उकरून मूठभर माती दाबा. लाडू वळला तर ओल आहे, माती भुगा होऊन पडली तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. उन्हाळ्यात ८ ते १० दिवसांची पाळी सांगितलेली आहे. हलक्या, मुरमाड रानात ती आणखी अलीकडे घ्यावी लागते. पाणी कमीच असेल तर एक आड एक सरी भिजवा. ताण फारच पडला तर २ टक्के युरिया आणि २ टक्के म्युरेट ऑफ पोटॅश एकत्र करून सकाळी फवारा, म्हणजे १० लिटर पाण्यात दोन्ही २००-२०० ग्रॅम. ही फवारणी म्हणजे पाणी नव्हे. पाणी येईपर्यंत तग धरायला आधार, इतकेच.

पाचटाविषयी आम्ही गेली कित्येक वर्षे सांगत आलो आहोत आणि तरी दर मार्चमध्ये संध्याकाळी पाच-सहा ठिकाणी धूर दिसतोच. एका एकरात तीन-चार टन पाचट निघते. ते सरीत पसरले म्हणजे उन्हाची झळ मातीला लागत नाही, ओल टिकते आणि तण दबते. काडी लावणारा माणूस स्वतःच्याच उसाच्या अंगावरचे पांघरूण ओढून घेतो. आता स्पष्टच सांगायचे तर आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो. आमच्या सौभाग्यवतींनी तीन वर्षांपूर्वी परसातल्या वांगी-टोमॅटोच्या आळ्यांत पाचट आणून घातले. आम्ही म्हणालो, "कशाला? वाळवी लागेल." त्या म्हणाल्या, "मग लोकांना मीटिंगमध्ये काय सांगता?" आम्ही गप्प बसलो. त्या उन्हाळ्यात शेजारच्या परसात रोज पाणी घालावे लागत होते, आमच्याकडे दिवसाआड घालून भागले.

परसबागेचा विषय निघालाच आहे तर भगिनींसाठी दोन शब्द. उन्हाची पहिली वर्दी परसातली मिरची आणि टोमॅटो देतात. पारा चढला आणि रात्रीही गारवा राहिला नाही की टोमॅटोची फुले गळतात, फळ धरत नाही. दुकानदार टॉनिकची बाटली हातात देतो. तिच्याने काहीएक होत नाही, पैसे मात्र जातात. रात्री गार होईपर्यंत फळ धरणार नाही हे मनाशी धरून झाड जगवावे, एवढेच आपल्या हातात असते. पश्चिमेकडून गोणपाट बांधा किंवा शेवरीची ओळ असू द्या, म्हणजे दोननंतरचे ऊन अडते. पाणी सकाळी लवकर, बुडाशी. वेलाच्या आळ्यात गळके मडके पुरून ते भरून ठेवले तर पाणी थेट मुळाला पोचते. आणि खुरपणीच्या बायकांना भर दुपारी शेतात ठेवू नये. सकाळी सहाला सुरू करून अकराला सुट्टी, उरलेले काम चारनंतर. मजुरी तीच, काम तेवढेच, शिवाय माणूस धडधाकट घरी जातो.

आता वळवाकडे येतो.

आठ-दहा दिवस जमीन तापते, खालची हवा हलकी होऊन वर जाते, समुद्रावरून थोडा दमटपणा आलेला असतोच. दोन्हींचा मेळ बसला की दुपारी तीन-चारच्या सुमारास आभाळात कापसाच्या गंजीसारखे ढग उभे राहतात आणि पाहता पाहता दहा-बारा किलोमीटर उंच जातात. वर इतकी थंडी की पाण्याच्या गारा होतात. पाऊस पडायच्या आधी जो गार वारा सोसाट्याने येतो, तो या ढगातून खाली कोसळलेलाच वारा असतो. पत्रे उडतात ते त्याने, आडसाली ऊस लोळतो तोही त्यानेच. आकाशात अशी लक्षणे असतील तर आडसालीला त्या दिवशी पाणी देऊ नये. भिजलेल्या मातीत मूळ पकड सोडते.

वळवानंतर पीक हिरवेगार दिसते. जुनी माणसे म्हणतात की विजेच्या पाण्यात खत असते. ते अगदीच खोटे नाही, विजेमुळे हवेतले थोडे नत्र पावसाबरोबर उतरते. पण ते फार थोडे. खरी गोष्ट अशी की, तापून कोरड्या झालेल्या मातीला पाणी लागताच तिच्यातले जिवाणू कामाला लागतात आणि मातीतलेच नत्र पिकाला मोकळे होते. म्हणून वळीव येणार असे ऐकून कोणी युरिया रानात फेकून ठेवू नये. उन्हात त्याचा वायू होऊन उडतो आणि जोराचा पाऊस आला तर ओढ्यात जातो. सुरू उसाला बांधणीच्या वेळी द्यायचा ४० टक्के नत्राचा हप्ता मातीआडच गेला पाहिजे.

वळवाचा मोठा दोष म्हणजे त्याचा भरवसा नाही. एका शिवारात बांध फुटतात, ओढ्यापलीकडे धूळसुद्धा बसत नाही. हे आम्हाला पक्के ठाऊक होते, तरी २०१६ साली आम्ही फसलो. त्या मे महिन्यात पाण्याचे हाल होते. गट ऑफिसवर एका संध्याकाळी पाऊण तास धो धो पाऊस झाला. आम्ही खुशीत येऊन निरोप धाडला की, उपसा योजनेची या गटाची पाळी आठ दिवस पुढे ढकला, पाणी शेवटच्या टोकाच्या गावांना द्या. हेतू चांगला होता. पण गटातल्या पूर्वेकडच्या दोन गावांत नुसता शिडकावा झाला होता. सहाव्या दिवशी जाऊन पाहतो तो सुरू उसाचे फुटवे वाळू लागलेले, त्यात खोडकीड शिरलेली. चूक आमची, आणि वजन घटले सभासदांचे. त्यानंतर आम्ही प्रत्येक चिटबॉयकडे सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा आणि एक पट्टी दिली. डब्यात साचलेले पाणी मोजायचे. २५ मिलिमीटर भरले तर एकरी साधारण एक लाख लिटर पाणी पडले. ऐकायला पुष्कळ वाटते. पण मे महिन्यात वाढीचा ऊस आणि जमीन मिळून दिवसाला सात-आठ मिलिमीटर सहज खातात, म्हणजे सगळे मुरले तरी तीन-साडेतीन दिवसांची सोय. त्यातले टणक रानातून वाहून किती गेले ते वेगळेच. सभासदांनीही असा एक डबा आपल्या बांधावर ठेवावा. वेशीबाहेर काय पडले ते ऐकून पाळी चुकवू नये.

वळवाबरोबर आणखी एक पाहुणा येतो, हुमणी. पहिला चांगला वळीव झाला की जमिनीतले भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर पाला खायला जमतात. एक मादी ५०-६० अंडी घालते. त्यांच्या अळ्या पुढे जुलै ते ऑक्टोबरमध्ये उसाची मुळे खातात आणि हात लावताच बेट उपटून येते. म्हणजे आज एक भुंगेरा मारणे हे श्रावणात औषध ओतण्यापेक्षा स्वस्त. म्हणून दरवर्षी आम्ही जीपवर कर्णा लावून गावोगाव पुकारतो: वळीव झाला, संध्याकाळी साडेसात ते नऊ झाडे हलवा, भुंगेरे गोळा करा, रॉकेलमिश्रित पाण्यात टाका.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही असेच पुकारले. साडेपाचला पाऊस थांबला, सातला पश्चिमेचे आभाळ उजळले. उत्तरेला अजून गुरगुर चालू होती, पण ती लांब वाटली. बांधावरच्या बाभळीखाली पंधरा-वीस माणसे जमली, त्यांत शाळेतली पोरेही होती. चादरी अंथरल्या होत्या, आम्ही स्वतः बॅटरी धरून उभे होतो. आणि एकदम सगळे पांढरे झाले. वीज आमच्या झाडावर पडली नाही, शंभरेक पावलांवरच्या कडुनिंबावर पडली. त्याच्या बुंध्याला एका सभासदाची बैलजोडी बांधलेली होती. एक बैल जागच्या जागी गेला. आमच्यातली तीन माणसे पडली, पायांना मुंग्या आल्या असे म्हणू लागली. एका पोराला आठवडाभर एका कानाने ऐकू येत नव्हते. बैलाच्या मालकाच्या आईने आम्हाला एकच विचारले, "साहेब, भुंगं मोठं का पोरगं मोठं?" आम्ही उत्तर दिले नाही. काय देणार?

मागाहून आम्ही या गोष्टीचा नीट शोध घेतला, कारण लोकांना झाडाखाली आम्हीच बोलावले होते. वीज झाडावर पडली की ती बुंध्यातून जमिनीत शिरून चहूकडे पसरते. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात, त्या दोन ठिकाणांतला फरक त्याच्या अंगातून जातो. म्हणून माणूस वाचतो तिथे बैल मरतो. वीज चमकली आणि गडगडाट ऐकू आला यांतले सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आकडा आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्या शिवारात पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत घराबाहेर पडू नये. आमचा दोष इथेच होता. पाऊस थांबला म्हणजे ढग संपला, असे आम्ही धरून चाललो.

उघड्यावर सापडलात तर एकट्या झाडाखाली, विजेच्या खांबाशी, पाण्याने भरलेल्या सरीत किंवा मोटरच्या स्टार्टरजवळ थांबू नका. पक्क्या घरात जा. घर दूर असेल तर जमिनीवर आडवे न पडता पाय जुळवून उकिडवे बसा. कोणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला भिऊ नका, त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास बंद असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि गाडी बोलवा. तुटून पडलेल्या तारेची गोष्ट मात्र उलटी. तिच्याजवळ जाऊ नका, कोणाला जाऊ देऊ नका, वायरमनला कळवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप आहे, ते २० ते ४० किलोमीटरच्या आत वीज असल्यास सूचना देते. घरातल्या कोणाच्याही मोबाइलवर ते टाकून घ्या.

भुंगेरे तर मारलेच पाहिजेत, त्यात सूट नाही. पण ते एका रात्रीत संपत नाहीत, पहिल्या वळवानंतर बरेच दिवस रोज संध्याकाळी निघत राहतात. तेव्हा पावसाच्या संध्याकाळीच जाण्याची घाई कशाला? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आभाळ निरभ्र असेल तेव्हा जा. दिवसा कडुनिंबाच्या फांद्या तोडून बांधावर रोवल्या तर भुंगेरे त्यांच्यावर येतात, मोठ्या झाडाखाली उभे राहावे लागत नाही. आणि प्रकाश सापळा एकदा लावला की त्याच्याजवळ माणसाची गरज नाही.

यंदा गावातून पुकारण्याआधी गटाचा ओव्हरसिअर आकाश पाहील, मोबाइल पाहील, आणि गडगड असेल तर जीप निघणार नाही. प्रकाश सापळे सर्व गट ऑफिसांत आले आहेत. सभासदांनी सातबारा आणि ऊसनोंदीची पावती घेऊन यावे, सकाळी नऊ ते बारा वाटप चालू आहे. पावसाचे डबे मात्र घरचेच वापरा, तेलाचा जुना चालेल, फक्त वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा असू द्या.